दादाच्या हातची किल्ली

किल्ली हरवलेला माणूस दुकानात आला की आधी स्वतःचेच खिसे चाचपतो. घरी दहादा चाचपून झालेलं असतं, बायकोने पलंगाखाली झाडू फिरवून झालेला असतो, तरी कारागिरासमोर उभं राहिल्यावर त्याला वाटतं, एकदा शेवटचं बघावं. दादा त्याला मनसोक्त चाचपू देई. वर, "तो आतला खिसा राहिला बघा," असंही सुचवी. माणूस ओशाळून हसला की मग हात पुढे करी. "आणा, कुलूप आणा."

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे मोठी खिडकी, खिडकीला लागून लाकडी फळी, फळीवर किल्ली आवळून धरायचा शिकंजा घट्ट बसवलेला. भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्यांचे जुडगे. वर दोन खोल्या, तिथे दादा, त्याची बायको आणि आई. मागे पत्र्याची शेड. शेडला दार होतं, पण त्याला कडीसुद्धा धड लागत नसे. कुणी हसलं तर दादा म्हणे, "दिवसभर कुलपंच बघतो, घरी तरी डोळ्यांना विश्रांती नको का?"

कपाटाची, दाराची किल्ली काय, कुणीही करून देतं. जुनी एका बाजूला लावा, कोरी दुसऱ्या बाजूला, मशीन घर्र करतं आणि नक्कल हातात. दादाचं नाव होतं ते जुन्या स्पोर्ट्स गाड्यांसाठी. बुटक्या, लांब नाकाच्या, दोन सीटच्या गाड्या. बसताना जमिनीवर बसल्यासारखं खाली जायचं आणि उतरताना कुणीतरी हात द्यायचा. त्या बनवणारे कारखाने कधीच बंद पडलेले, किल्ल्या कुठे मिळणार? हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं, पण हौसेला किल्ली लागते. मग ही मंडळी लांबलांबून कुलूप फडक्यात गुंडाळून दादाकडे येत. एक निवृत्त वैमानिक तर दुसरी किल्लीही गाडीतच ठेवून दार लावून बसला होता. म्हणाला, "सुरक्षित राहावी म्हणून आत ठेवली." दादा म्हणाला, "आहे की सुरक्षित. तुमच्यापासूनसुद्धा."

दादा हे काही त्याचं नाव नव्हे. त्याला धाकटा भाऊ होता. तो लहानपणापासून शेडमधून एवढ्या मोठ्याने "दादाऽऽ" म्हणून हाका मारायचा की गल्लीने तेच उचललं. आधी मुलांनी, मग बायकांनी, मग गिऱ्हाइकांनी. पुढे पुढे खुद्द आईही त्याला दादाच म्हणू लागली. साऱ्या जगाचा तो दादा झाला, आणि ज्याने हे नाव दिलं त्याच्या तोंडून ते ऐकून मात्र आठ-नऊ वर्षं झाली होती.

दादाची कामाची एक रीत होती, वडिलांकडून आलेली. झिजलेल्या किल्लीची नक्कल करायची नाही. किल्ली जुनी झाली की तिचे दात बसके होतात. तिच्यावरून दुसरी काढली तर दुसरीत पहिलीची झीज उतरते, वर मशीनची थोडी चूक पडते. तिसरी काढली की ती किल्ली राहत नाही, चमचा होतो. म्हणून दादा कुलूप उघडे, त्यावर कारखान्याने ठोकलेला नंबर शोधे आणि त्या नंबराप्रमाणे, कारखान्यातून पहिल्या दिवशी निघाली असेल तशी किल्ली कानशीने हाताने घडवी. पण गंमत अशी की नवी किल्ली जुन्या कुलपात बहुतेक वेळा फिरतच नाही. कुलपाच्या पोटात पितळेची बारीक पाती असतात, एकेका दाताला एकेक. किल्ली झिजते तशी तीही झिजतात. दोघं एकमेकांना सांभाळून घेत म्हातारी होतात.

"आपल्यासारखी," दादाची बायको एकदा म्हणाली होती. गल्ली तिला वहिनी म्हणायची.

"छे. झिजलो मी एकटाच. तू होतीस तशीच आहेस," असं म्हणून दादाने चहा उकळवून घेतला होता.

तर अशा वेळी दादा ती झिजलेली पाती काढून टाके, नवी बसवी, आणि मग किल्ली लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरे. गिऱ्हाईक खूश. पण पात्यांना हात लावण्याआधी एक प्रश्न विचारायचा, हीदेखील वडिलांचीच शिकवण. "या कुलपाची जुनी किल्ली अजून कुणाकडे आहे का?" कारण पाती बदलली की जुनी किल्ली आत जाते, पण फिरत नाही. ज्याच्याकडे ती आहे त्याला बिचाऱ्याला कळतच नाही की आपलं काय चुकलं. म्हणून आधी त्याला सांगून यायचं, मग पाती बदलायची.

धाकट्याचा जीव किल्ल्यांत कधी रमला नाही. त्याचा सगळा ओढा गाडीकडे. भंगारातून त्याने एक दोन सीटची गाडी उचलून आणली तेव्हा वडिलांनी कपाळाला हात लावला होता. तिला ना छप्पर, ना बंपर, सीटमध्ये उंदरांचं बिऱ्हाड. तीन वर्षं धाकटा तिच्याखाली आडवा पडून होता. आई त्याला शेडमध्येच ताट नेऊन द्यायची आणि म्हणायची, "हिच्याशीच लग्न लाव, मी सुनेला पान वाढते." गाडी चालू झाली त्या दिवशी तो आईला शेजारी बसवून असा भरधाव गेला की तिचा चष्मा उडाला. आई तो प्रसंग सांगताना चष्म्याची किंमत दर वेळी वाढवायची.

गाडीबरोबर जी एकच मूळ किल्ली आली होती ती धाकटा वापरायचा. पातळ झालेली, दात गेलेली. फिरवताना डावीकडे जरासं रेटावं लागे. दादा कितीदा म्हणाला, "आण, नवी करून देतो." धाकटा म्हणायचा, "नको. हिला माझा हात कळतो."

मग वडील आजारी पडले. आजार तसा मोठा वाटत नव्हता. एका गिऱ्हाइकाची गाडी डोंगरातल्या शर्यतीला न्यायची म्हणून धाकटा निघाला, तेव्हा दादा म्हणाला, "या खेपेला राहू दे. बाबांचा चेहरा मला बरा दिसत नाही." धाकटा म्हणाला, "परवा येतो." परवापर्यंत वडील थांबले नाहीत. शेवटच्या दिवशी त्यांनी चारदा त्याचं नाव काढलं आणि चारही वेळा दादाने फोन लावला. डोंगरात फोन लागतो कुठे?

धाकटा आला तो सगळं आटोपल्यावर. अंगावर धूळ, डोळे सुजलेले. कुणीतरी वाटेतच सांगितलं असणार. दादा दुकानाच्या दारात उभा होता. माणसाला दुःख झालं की ते कुणाच्या तरी अंगावर टाकावंसं वाटतं, आणि जवळचा माणूस समोर आयता उभा असतो. दादा म्हणाला, "आता कशाला आलास? या घराचं दार तुला बंद."

दुसऱ्या कुणाच्या घरात हे वाक्य रागाचं म्हणून विरून गेलं असतं. किल्ल्या करणाऱ्याच्या घरात ते तसं विरत नाही. धाकट्याने खिशातला जुडगा काढला, घराची किल्ली सोडवली, दुकानाची सोडवली, दोन्ही फळीवर ठेवल्या. गाडीची तेवढी ठेवून घेतली. "गाडी न्यायला येईन कधीतरी," म्हणाला आणि गेला. आई वरून जिना उतरेपर्यंत तो गल्लीच्या टोकाला पोचला होता.

दादाचा राग दोन महिन्यांत विरला, पण तोवर माणूसच दिसेनासा झाला. नंबर बंद. कुणी म्हणे लांबच्या शहरात ट्रकच्या कारखान्यात आहे, कुणी म्हणे तिथूनही गेला. जुन्या गाड्यांवाली मंडळी गावोगाव फिरतात, त्यांच्यातल्या प्रत्येकाला दादा सांगे, "भेटला तर म्हणावं, दादा वाट बघतोय." निरोप पोचला की नाही, देव जाणे. एक धागा मात्र शिल्लक होता, आणि दादाचा सगळा जीव त्याच धाग्याला लटकलेला होता. गाडीची किल्ली धाकट्याकडे होती. गाडी न्यायला तो एकदा तरी येणार होता.

म्हणून दादा गाडीला जपे. दर रविवारी ताडपत्री काढून पुसणं, चाकांत हवा, बॅटरीला चार्जिंग, इंजिन हाताने थोडं फिरवून ठेवणं. फक्त एक गोष्ट त्याने केली नाही. तिची किल्ली केली नाही. गल्ली हसायची, "जगाला किल्ल्या वाटतो आणि घरच्या गाडीला किल्ली नाही. दिव्याखाली अंधार!" दादा म्हणे, "आहे की किल्ली. धाकट्याकडे आहे." दुसरी केली म्हणजे तो येणार नाही हे आपणच कबूल केलं, असं त्याला वाटायचं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, पण वहिनीला न सांगता कळलेलं होतं.

मग आईच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. आईला वाटलं, डोळा जातोच आता. एके दिवशी सकाळी ती जिना उतरून दुकानात आली आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली.

"दादा, मला त्या गाडीत एकदा बसव. डोळे आहेत तोवर."

"बस की. आत्ता बसवतो."

"नुसती उभी गाडी म्हणजे खुर्चीच की. चालू करून बसव."

"किल्ली धाकट्याकडे आहे, आई."

"ते मला ठाऊक आहे. पण यंत्र नुसतं उभं राहून मरतं, असं तूच सांगतोस ना लोकांना? उद्या तो आला, किल्ली लावली आणि गाडी घुरघुरलीसुद्धा नाही, तर त्याला काय वाटेल? माझी कुणी काळजी घेतली नाही, असंच ना?"

हे मात्र दादाला लागलं. त्या दिवशी त्याने बाकीची कामं बाजूला सारली. गाडीचं इग्निशनचं कुलूप काढलं, नंबर शोधला, कोरी किल्ली शिकंज्यात धरली. दोन दिवस तो त्या कामावर होता. आपल्या उभ्या आयुष्यात इतकं मन लावून त्याने दुसरी किल्ली घासली नसेल. समोरच्या शिलाईवाल्या मावशी, ज्यांचं मशीन बरोबर दादाच्या खिडकीसमोर होतं, त्या पुन्हा पुन्हा मान वर करून बघत होत्या.

नवी किल्ली जुन्या कुलपात फिरली नाही. फिरणार नव्हतीच. आतली पाती धाकट्याच्या हाताने झिजलेली, डावीकडे कललेली. दादाने ती चिमट्याने एकेक करून बाहेर काढली, आणि तेव्हा त्याला वडिलांचा प्रश्न आठवला. जुनी किल्ली अजून कुणाकडे आहे का? आहे. धाकट्याकडे आहे. मग त्याला आधी सांगायला हवं. पण सांगणार कुठे? दादाने मनाशी हिशेब केला की तो येईल, गल्लीतूनच "दादाऽऽ" करून ओरडेल, आणि आपण बाहेर जाऊन नवी किल्ली त्याच्या हातावर ठेवू. तेवढ्यासाठी त्याने एक सोडून दोन किल्ल्या केल्या. दुसरी खास धाकट्याची म्हणून दुकानात आत खिळ्याला लावली. जुनी पाती भंगाराच्या डब्यात टाकली आणि नवी बसवली.

धाकटा आधी आपल्याला भेटेल आणि मग गाडीला, हे तो धरूनच चालला. ज्याला आपण दार बंद केलं तो दारातून कसा येईल, एवढी साधी गोष्ट या कसबी माणसाच्या डोक्यात आली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

किल्ली फिरली. गाडी खोकली, शिंकली आणि चालू झाली. गल्ली गोळा झाली. आई डोक्याला रुमाल बांधून शेजारच्या सीटवर बसली, चष्मा मात्र या वेळी आधीच काढून वहिनीकडे दिला. दादाने गाडी बैलगाडीच्या चालीने गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि परत आणली. आई म्हणाली, "धाकटा असता तर एव्हाना आपण पुढच्या गावात असतो." पण ती हसत होती. त्या रात्री दादाला बऱ्याच वर्षांनी गाढ झोप लागली.

दोन महिन्यांनी ऑपरेशन झालं. आईला रुग्णालयात एक रात्र ठेवणार होते, म्हणून दादाने दुकानाची खिडकी लावली आणि वहिनीसह तिकडेच राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं परत आली. आईच्या डोळ्यावर हिरवा कपडा. वहिनी तिला हाताला धरून वर घेऊन गेली आणि दादा सवयीने शेडमध्ये डोकावला.

ताडपत्री काढलेली होती. नुसती काढलेली नव्हे, चौकोनी घडी घालून कोपऱ्यात ठेवलेली. ताडपत्रीची घडी घालणारा माणूस त्याच्या माहितीत एकच होता, दादा स्वतः नेहमी बोळा करून टाकायचा. त्याने गाडीचं दार उघडलं. ड्रायव्हरची सीट पार मागे सरकवलेली. धाकट्याचे पाय लांब होते. दादा दुसऱ्यांदा श्वास घ्यायच्या आत मोठ्याने ओरडला, "अरे, आला! आई, आला हा!" आणि मग त्याची नजर कुलपाकडे गेली.

कुलपाच्या फटीत काहीतरी चमकत होतं. मोडलेल्या धातूची ताजी, पांढरी कड. जुनी किल्ली आत गेली होती, फिरली नव्हती. डावीकडे रेटून बघितली असणार, पुन्हा रेटली असणार. पातळ झालेली किल्ली किती सोसणार? टोक आत राहिलं होतं.

वरून आईने विचारलं, "काय रे? कोण आलं?"

"कुणी नाही," दादा म्हणाला.

तो तसाच रस्ता ओलांडून शिलाईवाल्या मावशींकडे गेला. मावशींच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून उशीत खोचल्या आणि मग बोलायला लागल्या.

"काल दुपारी आलं होतं की तुझं एक गिऱ्हाईक. वाळलेला, दाढी पिकलेली. आधी गल्लीच्या तोंडाशीच किती वेळ उभा. मग मागच्या बाजूने शेडमध्ये गेला. मला वाटलं, गाडी बघायला आला असेल, येतातच की माणसं. बराच वेळ आतच होता बाबा. बाहेर आला तेव्हा मी हाक मारली, म्हटलं, दादा रुग्णालयात गेलाय, आईचं डोळ्याचं ऑपरेशन आहे, उद्या येईल, पाणी घ्या, बसा."

"मग?"

"नको म्हणाला. आई कशी आहे विचारलं. मी म्हटलं, ठणठणीत. मग म्हणाला, त्या गाडीचं कुलूप बदललंय का?"

दादाने मशीनच्या फळीला हात टेकला.

"मी म्हटलं, बदललंय म्हणजे काय! दादाने स्वतःच्या हाताने बदललंय. दोन दिवस जेवणखाण सोडून बसला होता. आता जुनी किल्ली काय, जगातली कुठलीही किल्ली लावा, त्याच्या किल्लीशिवाय ते उघडायचं नाही. असं काम आहे दादाचं." मावशींचा चेहरा कौतुकाने फुलला होता. "चांगलं सांगितलं ना रे? त्याने बिचाऱ्याने नुसती मान हलवली. म्हणाला, कळलं. आणि गेला."

मावशी या गल्लीत आल्या त्याला पाचच वर्षं झाली होती. धाकट्याला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी जे सांगितलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि जे सांगितलं ते दादाच्या प्रेमापोटी. दादा म्हणाला, "चांगलं सांगितलंत, मावशी." याहून कठीण वाक्य त्याने जन्मात उच्चारलं नसेल.

काल गेलेल्या माणसामागे तो आज धावला. बसस्टँडवर गेला, चौकात गेला, ज्या दोन गॅरेजांत धाकट्याची उठबस होती तिथे गेला. कुणी बघितलं नव्हतं. परत आला, दुकान उघडायला खिडकीची झडप खाली पाडली, तेव्हा बाहेरच्या कट्ट्यावर, अगदी भिंतीलगत, कुणाच्या पायाखाली जाऊ नये अशा बेताने ठेवलेली ती त्याला दिसली. किल्लीची मूठ. बोटांत धरायचा गोल भाग, मोडक्या दांडीसकट. दुपारी आईला सांभाळत गडबडीत आत गेले, म्हणून दिसली नव्हती. पडलेली नव्हती ती. ठेवलेली होती. नेऊन काय करणार, असंच म्हणाला असेल ठेवताना.

दादाने ती खिशात टाकली आणि आत जाऊन भंगाराचा डबा जमिनीवर उपडा केला. दोन महिन्यांची पाती त्यात होती, गाड्यांची, कपाटांची, सगळी सारखीच दिसणारी. तो गुडघे टेकून एकेक उचलून डोळ्याच्या भिंगाखाली धरू लागला. डावीकडे झिजलेली तेवढी वेगळी काढायची, परत बसवायची, कुलूप होतं तसं करून ठेवायचं. मूठभर पाती बघून झाल्यावर त्याचा हात थांबला. कुठल्या किल्लीसाठी? ती किल्ली आता नव्हतीच. एक तुकडा कुलपात, एक आपल्या खिशात. तेव्हा मात्र तो रडला. इतका मोठा माणूस, पसरलेल्या पितळेत बसून लहान पोरासारखा रडला. वहिनी जिन्यात उभी होती. तिने खिडकीची झडप लावून घेतली.

संध्याकाळी त्याने बारीक आकड्याने कुलपातलं टोक काढलं आणि भिंगाखाली धरलं. खरं तर बघायचं काही नव्हतं. पण हाताला सवय. आणि मग तो बराच वेळ बघत राहिला. कुलपात झिजणारी किल्ली दातांच्या उतारावर झिजते, तिथे कड राहते. या किल्लीला कडच उरली नव्हती. वरून, खालून, दोन्ही अंगांनी ती गुळगुळीत गोल झाली होती, नदीतल्या गोट्यासारखी. कुलपात न जाता अशी झीज येते ती एकाच जागी. खिशात. हातात. येता जाता बोटांनी चाचपून.

तो वर गेला तेव्हा आई पलंगावर बसली होती.

"धाकटा आला होता ना?"

"कुणी सांगितलं?"

"मघाशी मावशी मला बघायला आली होती. कुणी दाढीवालं गिऱ्हाईक आलं म्हणाली, आई कशी आहे विचारत होता म्हणाली. दादा, माझा डोळा कापलाय, अक्कल नाही."

दादा तिच्या पायाशी जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. पाती बदलली होती. किल्ली फिरली नाही. मोडली. मावशींचं बोलणं तेवढं त्याने गाळलं, त्या म्हातारीला कशाला मध्ये घ्यायचं?

आईने हात पुढे केला. दादाने टोक तिच्या तळव्यावर ठेवलं. तिने दुसऱ्या, जुन्या डोळ्याजवळ नेलं, काही दिसेना, मग अंगठ्याने फिरवून बघितलं.

"गुळगुळीत आहे रे."

"खिशात झिजली आहे, आई. रोज खिशात ठेवायचा. रोज हात लावायचा तिला. नाहीतर अशी होत नाही."

"रोज?"

"रोज."

डॉक्टरांनी डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं, पण ते काय सांगून थांबतं? दादाने स्वच्छ कापसाने तिचा गाल टिपला. मग ती म्हणाली, "आणि वरचा भाग? मूठ?"

दादाने तिच्याकडे बघितलं. हिरव्या कपड्याखालचा चेहरा त्याच्याकडे वळलेला होता.

"ती नेली त्याने," तो म्हणाला.

"नेली ना?" आईचे खांदे सैल झाले. "मग येईल तो. अर्धी किल्ली उगाच कोण बाळगतं?"

"येईल."

"तू एक कर. ते कुलूपच काढून टाक त्या गाडीचं. नुसतं बटण बसव. आला की दाबलं आणि चालू. त्याला पुन्हा कुणाला काही विचारायला लागू नये."

"बसवतो," दादा म्हणाला. आणि आईने नेहमीसारखा पाठीवर हात फिरवायला हात पुढे केला, तेव्हा वरच्या खिशातली मूठ तिच्या हाताला लागू नये म्हणून छातीवर तळवा दाबून धरून तो उठला आणि जिना उतरून बटण शोधायला गेला.